स्टोरी, मजला आणि साक्ष

शब्दांची मुळे शोधणे हा आपल्याकडे पंडितांचा निरुपद्रवी उद्योग समजला जातो. ज्याला पोटाची भ्रांत नाही त्याने कोशाची पाने उलटावीत आणि अमुक शब्द तमुक धातूपासून आला असे सांगून वाहवा मिळवावी. चळवळीत काम करणाऱ्याला त्याचे काय, असा प्रश्न मलाही पडत असे. पण काही शब्द असे असतात की त्यांचे मूळ खणू लागले म्हणजे जुन्या इमारतीचा पाया हाती लागतो, आणि तो पाया कोणाच्या पाठीवर घातला होता तेही दिसू लागते. इंग्रजीतला 'स्टोरी' हा असा एक शब्द आहे. येथे मला कथा या अर्थाचा 'स्टोरी' अभिप्रेत नाही. इमारतीचा मजला या अर्थाचा 'स्टोरी' अभिप्रेत आहे.

या शब्दाकडे माझे लक्ष गेले ते माझ्याच एका चुकीमुळे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवीत होतो. भाषांतरासाठी एक उतारा दिला होता. त्यात एका चार मजली इमारतीचा उल्लेख होता, 'फोर-स्टोरीड बिल्डिंग'. एका मुलाने लिहिले, 'चार गोष्टींची इमारत'. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, स्टोरी म्हणजे गोष्टच ना? आम्ही तर माळा म्हणतो." चौकशी केली तेव्हा कळले की तो दिवसभर एका बांधकामावर बिगारी म्हणून राबत असे. सातव्या माळ्यापर्यंत विटा चढवणे हे त्याचे काम. म्हणजे त्या वर्गात मजला काय असतो हे ज्याला खांद्याच्या हाडापर्यंत ठाऊक होते, त्याच्याच अज्ञानाला आम्ही हसलो होतो. मी त्या उत्तरावर तांबडी फुली मारली. ती फुली मारण्याची मला एवढी घाई का झाली, याचा विचार करायला पुढे मला कोश उघडावा लागला.

१

कथा या अर्थाचा 'स्टोरी' आणि मजला या अर्थाचा 'स्टोरी' हे दोन्ही एकाच मुळातून आलेले आहेत. ब्रिटिश लेखनात मजल्याच्या 'स्टोरी'मध्ये 'ई' हे एक अक्षर जास्त घालतात. अमेरिकेत तेवढाही फरक करीत नाहीत. दोहोंचे मूळ लॅटिन 'हिस्टोरिया'. मध्ययुगीन इंग्लंडात जे लॅटिन लिहिले जाई त्यात 'हिस्टोरिया' हा शब्द इमारतीच्या मजल्यासाठी वापरलेला आढळतो, आणि १४०० च्या सुमारास तो इंग्रजीत उतरलेला दिसतो. पूर्वी काही अभ्यासकांनी मजल्याच्या 'स्टोरी'चा संबंध जुन्या फ्रेंचमधील 'बांधलेले' अशा अर्थाच्या एका शब्दाशी जोडला होता. पण इंग्लंडातल्या लॅटिन पुराव्यामुळे ते मत मागे पडले.

मग इतिहासाचा वाचक शब्द मजल्याला कसा चिकटला? सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, त्या काळच्या मोठ्या इमारतींच्या दर्शनी भागावर चित्रे रंगवलेल्या खिडक्यांच्या किंवा कोरीव मूर्तींच्या रांगा असत. एकेका रांगेत एकेक कथा. खालच्या रांगेची कथा वेगळी, वरच्या रांगेची वेगळी. कथेच्या रांगेवरून ती उंची ओळखली जाऊ लागली आणि कथेचे नाव मजल्याला मिळाले. कोशकार हे उत्तर 'बहुधा' या शब्दासह देतात. आपणही तो 'बहुधा' गाळू नये. पण एवढे खरे की इंग्रजी भाषेच्या पोटात मजला आणि कथा ही सख्खी भावंडे आहेत.

ते चित्र जरा डोळ्यांसमोर आणावे. भिंतीवरची चित्रे ही निरक्षरांची पोथी होय, असे मत पोप पहिला ग्रेगरी याने इसवी सन ६०० च्या सुमारास मांडले होते, आणि ते पुढे अनेक शतके सांगितले गेले. म्हणजे ज्यांना अक्षर द्यायचे नव्हते त्यांना चित्र दिले. त्या चित्रांत कोण होते? संत होते, राजे होते, देणग्या देणारे धनिक होते. दगड फोडणारा, चुना मळणारा, परांचीवरून पडून मेलेला मजूर त्या रांगेत शोधूनही सापडायचा नाही. मात्र दगड घडवणाऱ्या गवंड्यांनी आपापल्या दगडावर एकेक खूण कोरून ठेवली आहे. युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर या खुणा आजही दिसतात. कोणी किती दगड घडवले, याचा मजुरीसाठी हिशेब राहावा म्हणून त्या असाव्यात असे अभ्यासक सांगतात. दर्शनी भागावर धन्याची कथा आणि दगडाच्या अंगावर मजुराची खूण, अशी ही वाटणी आहे. मजला ज्याने उचलला त्याची 'स्टोरी' मजल्याला मिळाली नाही.

२

आता आणखी खाली जाऊ. लॅटिन 'हिस्टोरिया' ग्रीकांकडून आला. ग्रीक भाषेत त्याचा पहिला अर्थ होता चौकशी, विचारपूस करून मिळवलेले ज्ञान. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. त्याच्या मागे उभा आहे 'हिस्टॉर' हा शब्द. हिस्टॉर म्हणजे जाणता, पंच, साक्षी. ज्याने पाहिले आहे आणि म्हणून ज्याला ठाऊक आहे असा माणूस. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा धातू 'पाहणे, जाणणे' असा सांगतात, आणि तोच धातू संस्कृतात 'विद्' या रूपाने आहे. विद्या त्याचीच, वेदही त्याचाच.

म्हणजे इंग्रजांच्या इमारतीचा मजला आणि ब्राह्मणांचा वेद यांचे गोत्र एकच निघाले! एखादा पंडित येथे हर्षाने टाळी वाजवील. आपण जरा थांबून विचार करू. ज्या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहिले म्हणून जाणतो' असा होता, त्या शब्दाचे आपल्या देशात काय झाले? जाणणे हा जन्मसिद्ध हक्क ठरला, आणि तो मूठभरांचा. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेले कथील आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. पाहणाऱ्याचे ज्ञान ऐकणाऱ्याच्या कानात ओतलेल्या धातूपर्यंत येऊन पोचले. शब्दाच्या मुळात कितीही प्रकाश असो, समाजरचना त्याचा अंधार करू शकते, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

आणि ग्रीकांविषयीही भाबडेपणा नको. ज्या अथेन्सने चौकशी, वाद आणि न्यायसभा यांचा डौल मिरवला, तेथे गुलामाची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरायची तर ती त्याला यातना देऊन काढलेली असावी लागे, असा दंडक होता. स्वतंत्र नागरिकाचा शब्द हा शब्द होता. गुलामाचा शब्द त्याच्या अंगातून पिळून काढावा लागे. 'हिस्टॉर' हा शब्द घडवणाऱ्यांनी आपल्या घरात राबणाऱ्याला 'हिस्टॉर' मानले नाही. म्हणून शब्दाच्या व्युत्पत्तीतून न्याय मिळतो असे समजणे हा भ्रम आहे. व्युत्पत्ती एवढेच सांगते की त्या शब्दात काय मावू शकत होते. त्यात प्रत्यक्ष काय मावू दिले, ते समाज ठरवतो.

आपला 'इतिहास' हा शब्दही या ठिकाणी तपासून पाहावा. 'इति-ह-आस', म्हणजे असे असे खरोखर होते. यात चौकशी नाही, साक्षीदार नाही. सांगणाऱ्याने सांगितले आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या सवाल-जवाबाच्या रूपात लिहिली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. 'असे होते' असे म्हणणाऱ्या पुराणांना त्यांनी 'कशावरून?' असे विचारले. हिस्टोरियाचा मूळ अर्थ मराठीत कोणी अंमलात आणला असेल तर तो फुल्यांनी.

३

इंग्रजी शब्दाची ही झाली कुळकथा. पण आपण मजल्याला मजला म्हणतो, आणि या मराठी शब्दाची वाट निराळी आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला. अरबी 'नझल' म्हणजे उतरणे, आणि 'मंझिल' म्हणजे वाटसरूने जनावरावरून उतरून मुक्काम करायची जागा. त्यावरून एका दमात होणाऱ्या वाटचालीला मंझिल म्हणू लागले, आणि घराच्या एका थरालाही. मराठीत याचे दोन शब्द झाले. वाटचालीची ती 'मजल' आणि घराचा तो 'मजला'. मजल मारणे, मजल दरमजल करणे हे आपण रोज बोलतो. म्हणजे इंग्रजाचा मजला ही एक गोष्ट आहे, तर मराठी माणसाचा मजला हा एक मुक्काम आहे. मुक्काम याचा अर्थच असा की रात्र काढायची आणि सकाळी पुढे निघायचे.

आता ३१ जानेवारी १९२० हा दिवस आठवावा. त्या दिवशी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यातल्या मनोगतात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आणि एकेक जात म्हणजे त्या मनोऱ्याचा एकेक मजला असे म्हटले. या मनोऱ्याला शिडी नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने त्याच मजल्यावर मरायचे. खालचा कितीही लायक असला तरी त्याला वर जाता येत नाही आणि वरचा कितीही नालायक असला तरी त्याला खाली लोटता येत नाही, असा त्या उपमेचा आशय आहे. आज ही उपमा इंग्रजीतून जगभर फिरते. आपल्यातही अनेकांना ती इंग्रजीतूनच ठाऊक असते, आणि तेथे शिडीचा जिना झालेला असतो. ती मुळात मराठीत लिहिली गेली आणि तिच्यातला कळीचा शब्द 'मजला' हा आहे, हे विसरता कामा नये.

कारण या शब्दामुळे उपमेची धार दुप्पट होते. ज्या शब्दाचा अर्थ 'पुढे जाण्यापूर्वीचा मुक्काम' तोच शब्द येथे जन्मठेपेच्या कोठडीसाठी वापरावा लागला. जातिव्यवस्थेने माणसांना तर जखडलेच, पण भाषेतल्या चालत्या शब्दालाही जखडून टाकले. बाबासाहेबांनी पुढे या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्यासाठी वापरलेल्या इंग्रजी शब्दातला 'ग्रेड' लॅटिन 'ग्रॅडस'वरून आला आहे. ग्रॅडस म्हणजे पाऊल, पायरी. पायरी म्हणजे चढायची वस्तू. पण येथे पायऱ्या आहेत आणि चढणे नाही. मजले आहेत आणि मजल नाही.

मजल या शब्दाचा आणखी एक वापर आहे, आणि तो आपल्या वस्तीतल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. 'यांची मजल आता इथवर गेली!' ही ओरड केव्हा होते? मुलाने नवा सदरा घालून गावातून चक्कर मारली, नवरदेव घोड्यावर बसला, कोणी पाटलासमोर खुर्ची ओढून बसला, की ही मजल निघते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हाही सनातन्यांना हेच वाटले असणार. सवर्णाच्या तोंडी मजल म्हणजे आगळीक. आपल्या दृष्टीने ती चाल आहे. एकाच शब्दाला दोन मजल्यांवर दोन अर्थ आहेत, आणि कोशात मात्र ते एका ओळीत शेजारी शेजारी मुकाट बसलेले असतात.

४

मनोऱ्याच्या उपमेवर एक आक्षेप घेता येतो, आणि तो टाळू नये. अस्पृश्य हा मनोऱ्याचा सर्वांत खालचा मजला होता, की तो मनोऱ्याच्या बाहेरच होता? चातुर्वर्ण्यात चार वर्ण. पाचवा वर्ण नाही. गावात त्याचे घर गावकुसाबाहेर. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी या बाहेरपणाचाच शोध घेतला आहे. मला वाटते, दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी आहेत. राबवून घेण्यासाठी तो इमारतीच्या आत होता, आणि हक्क मागताना बाहेर. मुंबईच्या इमारतीत तळमजल्याला आकडा नसतो. मोजणी त्याच्या वरून सुरू होते. 'पहिला' मजला दुसऱ्यांदा येतो. ज्याच्यावर सारे उभे आहे त्याचीच मोजदाद नाही. ही ब्रिटिशांची पद्धत. पण आपल्या समाजाच्या अंगाला ती इतकी चपखल बसली की कोणाला खटकलीही नाही.

मुंबईचे मजले कोणी रचले हे सांगायला कोश लागत नाही. वडारांनी दगड फोडले, बेलदारांनी रचले, गावोगावच्या भूमिहीनांनी घमेली वाहिली. इमारत बांधून होईपर्यंत ही माणसे प्रत्येक मजल्यावर जातात. रंग लागला की त्यांचा मजला संपतो. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने बी. डी. डी. चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे एकशे साठ चौरस फुटांची. आंबेडकरी चळवळीचा फार मोठा संसार या मजल्यांवर झाला. आता त्या पाडून तेथे उंच मनोरे उभे राहत आहेत. मनोऱ्याला शिडी नव्हती, आता लिफ्ट आली आहे. पण कित्येक सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या बायांनी कोणत्या लिफ्टने जायचे याचा नियम वेगळा असतो, आणि शहराच्या तळमजल्याच्याही खाली, गटारात, कोण उतरते हे आपल्याला माहीत आहे. त्याला बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावे लागले. कायद्यानंतर दहा वर्षांनी भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ तो मजला अजून रिकामा झालेला नाही.

५

येथवर मी समाजाविषयी बोललो. पण हे नियतकालिक साहित्याचेही आहे, आणि माझा मुख्य मुद्दा साहित्याविषयीच आहे. 'स्टोरी' या शब्दात तीन अर्थ थरांनी रचले आहेत. मजला, कथा आणि सर्वांत खाली साक्ष. जातिव्यवस्थेने मजले केले ते फक्त माणसांचे, असे आपण समजतो. तिने साक्षीचेही मजले केले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचे नियम आहेत. स्त्रियांची साक्ष स्त्रियांनी द्यावी, द्विजांची तशाच द्विजांनी, शूद्रांची सज्जन शूद्रांनी आणि अंत्यजांची अंत्यजांनी, असे तेथे सांगितले आहे. घराच्या आत, रानात किंवा जिवावर बेतले असता जे घडले त्याबाबत कोणाचीही साक्ष चालेल, असा अपवाद लगेच पुढे येतो. पण अपवादावरून नियमच कळतो. नियम असा की प्रत्येक मजल्याचा शब्द त्याच मजल्यावर चालायचा. खालच्या मजल्यावरच्याने वर काय चालते ते पाहिले असेल, त्यानेच तेथला केर काढला असेल, मेलेले ढोर ओढले असेल. पण त्याच्या पाहण्याला वर किंमत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा या कलमाचीही राख झाली.

राख झाली खरी, पण कलम गेले का? १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले. पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी', लक्ष्मण माने यांचे 'उपरा', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आली. मराठी वाचक हादरला, हे कबूल केले पाहिजे. पुरस्कार मिळाले, भाषांतरे झाली. पण समीक्षेने काय केले? एक गट म्हणाला, हा सामाजिक दस्तऐवज म्हणून मोलाचा आहे, कलाकृती म्हणून नंतर पाहू. इतिहासकार म्हणाला, या आठवणी आहेत, इतिहास नव्हे. म्हणजे साहित्याच्या दारात त्याला 'तू इतिहास आहेस' म्हणून थांबवले आणि इतिहासाच्या दारात 'तू गोष्ट आहेस' म्हणून. दोन्ही मजल्यांवरून परत पाठवलेला हा साक्षीदार मधल्या जिन्यातच उभा राहिला.

दुसरा गट अधिक प्रेमळ होता. त्याने 'दलित साहित्य' अशी वेगळी खोली दिली. वेगळा पेपर, वेगळा परिसंवाद, ग्रंथालयात वेगळे कपाट. त्या खोलीत आपण काय वाटेल ते बोलावे. बाहेरच्या खोल्यांत 'मराठी साहित्य' नेहमीप्रमाणे चालू राहील. हे नाव आपण स्वतः अभिमानाने घेतले आहे आणि ते टाकण्याचे मला कारण दिसत नाही. आक्षेप नावाला नाही, कडीला आहे. दलिताचे लेखन दलित जीवनाविषयी प्रमाण आणि बाकीच्या जीवनाविषयी त्याचे काही म्हणणे नाही, असे धरून चालणारी समीक्षा ही मनूच्या त्याच कलमाची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. अंत्यजांची साक्ष अंत्यजांपुरती!

'बलुतं' हे केवळ महारवाड्याविषयीचे पुस्तक आहे का? गाव कसे चालते, देणारा आणि घेणारा यांत लाचारी कशी वाटली जाते, स्वतंत्र भारताचे पहिले महानगर कोणाच्या झोपडीला टेकून उभे राहते, याची ती साक्ष आहे. 'उपरा' हे फक्त कैकाडी समाजाविषयी आहे का? ज्या गावांनी त्या बिऱ्हाडाला पाण्यासाठी ताटकळत ठेवले, त्या सर्व गावांविषयी ते आहे. खालच्या मजल्यावरून सगळी इमारत दिसते, कारण तिचे सगळे सांडपाणी तेथूनच जाते. वरून फक्त देखावा दिसतो. म्हणून ही पुस्तके मूळ अर्थाने हिस्टोरिया आहेत. पाहिले म्हणून जाणणाऱ्याचे निवेदन आहेत. हे म्हणायला मला ग्रीकांचे प्रशस्तिपत्र नको आहे. त्यांनी गुलामाची साक्ष कशी घेतली ते वर सांगितलेच. उलट असे म्हणता येईल की तो शब्द घडवणाऱ्यांनी जे नाकारले ते येथील महारवाड्याने, मांगवाड्याने आणि पालातल्या माणसांनी त्यात भरले.

हे बोलताना आपल्या घरातले मजलेही मोजले पाहिजेत. श्रेणीबद्ध विषमतेचे वैशिष्ट्यच असे की प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी मिळतो. आपल्यातल्या संख्येने मोठ्या जातीची साक्ष ती सर्वांची साक्ष, असे आपण किती वेळा धरून चाललो? मुक्ता सर्वगोड यांचे 'मिटलेली कवाडे' १९८३ मध्ये, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बेबीताईंनी आपले लिखाण कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. वरच्या मजल्यांकडे बोट दाखवून लिहिणाऱ्या आपल्या चळवळीतल्या घरात बाईला लिहिलेले कागद लपवावे लागत होते. उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ मध्ये आले तेव्हाही काही मंडळींना त्यातली घरातली साक्ष रुचली नाही. स्त्रियांची साक्ष स्त्रियांपुरती, हेही त्याच कलमातले वाक्य आहे. ते आपण जाळले होते ना?

६

२०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्थराणी या दोन तामिळ दलित लेखिकांचे लेखन आणि महाश्वेतादेवींची 'द्रौपदी' ही कथा वगळण्यात आली. दिल्लीची ही घटना महाराष्ट्रातल्या शिक्षकांना दूरची वाटू नये. 'स्टोरी' या इंग्रजी शब्दाचे शिक्षण तेथे वरच्या मजल्यावर चालू आहे आणि साक्षीदारांना खाली उतरवले आहे. आपल्याकडे वगळावे लागत नाही. वेगळ्या खोलीत ठेवले की काम भागते.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं' ही पुस्तके मराठीच्या ऐच्छिक पेपरपुरती ठेवू नका. ग्रामव्यवस्था शिकवताना ती इतिहासाच्या तासाला उघडा, श्रमाचा मोबदला शिकवताना अर्थशास्त्राच्या तासाला उघडा, पुरावा म्हणजे काय हे शिकवताना कायद्याच्या वर्गात उघडा. विद्यार्थ्यांना सांगणे असे की, आपल्या आजीला विचारा, बापाला विचारा, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला विचारा, आणि ते सांगतील ते तारीख, गाव, मजुरी यांसह लिहून ठेवा. विचारून जाणणे यालाच पहिल्यांदा हिस्टोरिया म्हटले होते. कार्यकर्त्यांना काही सांगावे असे नाही. मजल मारणे हा त्यांचा रोजचा धंदा आहे.

त्या रात्रशाळेतल्या मुलाचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. परीक्षेपूर्वीच त्याची साइट बदलली आणि तो यायचा बंद झाला. परीक्षेच्या दृष्टीने त्याचे भाषांतर चूक होते, आणि आजही मी तेथे 'मजला' हाच शब्द लिहायला सांगेन. पण त्याला वर्गासमोर उभे करून, "तू जिथे विटा चढवतोस त्या इमारतीत गोष्टी किती आणि कोणाच्या?" असे मी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाही. त्याने रचलेल्या मजल्यावर आज कोणीतरी राहत असेल. त्याची साक्ष मात्र माझ्या तांबड्या फुलीखाली राहिली.